अवकाशाबरोबर पट्टीही ताणली जाते, मग लायगो मोजते काय?

गेल्या महिनाभरात मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या गटावरून, माजी विद्यार्थ्यांच्या गटावरून आणि शेवटी भाचीकडून असा तीनदा एकच मजकूर माझ्याकडे आला. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायच्या, २६०० कोटी रुपयांच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या केंद्राचे निमित्त करून त्यात म्हटले आहे की अशा लहरी, म्हणजे अवकाशालाच ताणत-आखडत जाणाऱ्या लहरी, अमेरिकेतल्या लायगोने पकडल्याचा दावाच पोकळ आहे, आणि त्यासाठी चार कारणे दिली आहेत: अवकाश ताणले तर त्यातला प्रकाशही ताणला जाणार, म्हणून फरक दिसूच शकत नाही, अणूंनी बनलेल्या आरशाने प्रोटॉनपेक्षा लहान अंतर मोजता येत नाही, रस्त्यावरून ट्रक गेला तरी त्याहून मोठा धक्का बसतो, आणि यंत्रात आपणच खोटे संकेत घालतो हे शास्त्रज्ञांनीच कबूल केले आहे. पदवीच्या वर्गांना प्रकाशशास्त्राची प्रात्यक्षिके शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे यातले पहिले कारण दोन ओळींत उडवून लावणे मला जमणार नाही.

तो आक्षेप अडाणीपणाचा नाहीच. वर्गातली हुशार मुले नेमका तोच प्रश्न विचारत. त्यातला अर्धा भाग खराही आहे, कारण लहर येते त्या क्षणी यंत्राच्या भुजेत, म्हणजे प्रकाश जिच्यातून ये-जा करतो त्या लांब नळीत, असलेला प्रकाश भुजेबरोबर ताणला जातोच. चूक पुढच्या पायरीवर होते. भुजेत किती तरंगलांब्या मावतात हे यंत्र मोजते, अशी मजकूर लिहिणाऱ्याची समजूत आहे. प्रत्यक्षात एकाच लेसरचा प्रकाश दुभागून काटकोनातल्या दोन भुजांत पाठवला जातो, आणि परत आलेल्या दोन प्रकाशलहरींची शिखरे एकाच वेळी पोहोचली की मागेपुढे, एवढेच तपासले जाते. मोजणी लांबीच्या पट्टीने नव्हे, पोहोचण्याच्या वेळेने होते.

समजा, सीएसएमटीहून दर चार मिनिटांनी एक गाडी कल्याणला सुटते आहे आणि मधले रूळ अचानक लांबले. वाटेत असलेल्या गाड्यांचे डबेही त्याच प्रमाणात लांबले, पण गाड्यांचा वेग तोच राहिला. कल्याणच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला गाडी उशिराच येताना दिसेल. डबा लांबला म्हणून तो उशीर भरून निघत नाही. त्यानंतर सीएसएमटीहून सुटणाऱ्या गाड्या तर नेहमीच्याच लांबीच्या असतील आणि तरीही उशिरा पोहोचतील. लेसर हे सुटण्याच्या स्थानकावरचे घड्याळ आहे. अमेरिकेतल्या लायगोची भुजा ४ किलोमीटरची आहे, म्हणजे प्रकाशाची एक फेरी सुमारे २७ मायक्रोसेकंदांची. भुजेच्या दोन्ही टोकांना आरसे असल्यामुळे प्रकाश तीत सुमारे ३०० वेळा परावर्तित होतो खरा, पण काही सहस्रांश सेकंदांत जुना प्रकाश बाहेर पडून त्याची जागा ताज्या प्रकाशाने घेतलेली असते. पहिली नोंदलेली लहर सेकंदाला ३५ आवर्तनांपासून २५० पर्यंत चढत गेली. ३५ आवर्तनांच्या टप्प्यावर एका आवर्तनाला सुमारे २९ सहस्रांश सेकंद लागतात, आणि तेवढ्यात भुजेतला जुना प्रकाश जाऊन ताजा आलेला असतो. वारंवारता फार वाढली की मात्र ही अदलाबदल पुरेशी लवकर होत नाही आणि यंत्राची संवेदनक्षमता घटते. ताणलेल्या प्रकाशाचा मुद्दा कोणाच्या नजरेतून सुटलेला नाही. तो गणितात धरलेला आहे.

दुसऱ्या आक्षेपातला आकडा बरोबर आहे. त्या पहिल्या लहरीने झालेला लांबीतला सापेक्ष बदल सुमारे एकावर एकवीस शून्ये, इतक्यातला एक भाग होता. ४ किलोमीटरवर तो प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या हिश्शाएवढा येतो. पण यंत्र एखाद्या अणूची जागा शोधत नाही. लेसरचा झोत आरशावर कित्येक सेंटिमीटर रुंद पडतो आणि त्याखालच्या असंख्य अणूंची सरासरी घेतो. अपोलो बंदरावर भरती-ओहोटीची नोंद एकोणिसाव्या शतकापासून होते आहे; तिथे लाटा हात-हातभर उसळतात, तरी समुद्राची वार्षिक सरासरी पातळी मिलिमीटरांत सांगता येते, आणि त्यावर कोणी फॉरवर्ड काढत नाही. प्रकाशकणांचेही तसेच: कण जितके अधिक, तितकी त्यांच्या मोजणीतली सापेक्ष अनिश्चितता वर्गमुळाच्या प्रमाणात कमी, आणि म्हणूनच भुजांमध्ये सुमारे १०० किलोवॉट प्रकाश साठवला जात होता.

ट्रकच्या आक्षेपाशी माझी जुनी ओळख आहे. आमची प्रयोगशाळा रेल्वेमार्गाला लागून होती. सोडियमच्या दिव्यासमोर मायकेलसनचे इंटरफेरोमीटर (लायगोसारखेच प्रकाश दुभागून पुन्हा एकत्र आणणारे छोटे उपकरण) मांडायचे, दुर्बिणीत पिवळी-काळी वर्तुळे दिसू लागली की मायक्रोमीटर केसभर फिरवत एकेक वर्तुळ मोजायचे. आणि विद्यार्थी साठाव्या वर्तुळावर आला की फास्ट लोकल धडधडत जायची, वर्तुळे थरथरून पुसट व्हायची आणि मोजणी पुन्हा एकपासून. ग्रॅनाइटच्या लादीखाली स्कूटरची हवा भरलेली ट्यूब ठेवल्यावर बराच फरक पडला. सर्वांत चांगली वाचने आम्ही मेगाब्लॉकच्या रविवारी घेतली आहेत.

लायगोतली व्यवस्था याच ट्यूबची फार थोर नातेवाईक आहे. ४० किलोचा काचेचा आरसा एकाखाली एक टांगलेल्या चार लंबकांच्या तळाशी, ०.४ मिलिमीटर जाडीच्या काचतंतूंवर लोंबतो. लंबकाच्या स्वाभाविक वारंवारतेच्या दहापट वेगाने वरचा आधार हलला, तर खालचे वजन त्याच्या सुमारे शंभराव्या हिश्शानेच हलते. असे चार टप्पे म्हणजे दहा कोटींचा भागाकार, आणि त्याच्या वर धक्के ओळखून उलट ढकलणारी यंत्रणा वेगळीच. सेकंदाला दहा आवर्तनांच्या खाली मात्र जमीन जिंकते, आणि त्या पट्ट्यातल्या लहरी लायगोला मिळत नाहीत. लायगोच्या लुइझियाना राज्यातल्या लिव्हिंग्स्टनच्या केंद्राला आसपासची लाकूडतोड आणि मालगाड्या सतावतात, हेही खरे. म्हणूनच दुसरे केंद्र ३००० किलोमीटरांवर, वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी एकाच आकाराचा संकेत दोन्हीकडे सुमारे ७ सहस्रांश सेकंदांच्या फरकाने उमटला; प्रकाशाला ते अंतर कापायला १० लागतात. लुइझियानातला ट्रक वॉशिंग्टन राज्यात ७ सहस्रांश सेकंदांत पोहोचत नाही. निव्वळ योगायोगाने असे घडण्याची शक्यता दोन लाख वर्षांत एकदाहून कमी होती.

राहिला खोट्या संकेतांचा मुद्दा. सप्टेंबर २०१० मध्ये मोजक्या लोकांनी आरसे मुद्दाम हलवून एक बनावट संकेत घातला होता, विश्लेषण करणाऱ्यांना तो सापडतो का हे पाहण्यासाठी. त्यांना तो सापडला, शोधनिबंधही लिहून झाला, आणि मार्च २०११ मध्ये लखोटा उघडून सर्वांना खरे सांगण्यात आले. स्वतःचीच परीक्षा घेतल्याचा हा पुरावा लबाडीच्या कबुलीजबाबासारखा फिरवला जातो आहे. २०१५ मध्ये अशी चाचणी चालू नव्हती, आणि ते मानायचे नसले तरी १७ ऑगस्ट २०१७ उरतोच. त्या दिवशी लायगोला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या, म्हणजे मृत ताऱ्यांच्या अतिघन गाभ्यांच्या, टकरीची लहर मिळाली, त्यानंतर सुमारे १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाने गॅमा किरणांचा झोत नोंदवला, आणि इटलीतल्या व्हर्गो या तशाच केंद्राच्या मदतीने आकाशाचा जो तुकडा निश्चित झाला, त्यातल्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत दुर्बिणींना काही तासांतच नवा प्रकाश दिसला. व्हर्गोत तो संकेत जवळजवळ नव्हताच; टक्कर त्याच्या अंध दिशेला झाली होती, आणि नेमक्या त्या न दिसण्यामुळेच शोधायचे क्षेत्र आक्रसले. औंढ्याला केंद्र हवे आहे ते याच कामासाठी, कारण अमेरिका आणि इटली या दोन्हींपासून ते हजारो किलोमीटर दूर आहे.