कुणालाही द्या, पण द्या

माझा पोस्टाच्या तिकिटांचा संग्रह कुणाला द्यावा, यावर आमच्या घरात पूर्ण एकमत आहे: कुणालाही द्या, पण द्या. वाद फक्त 'कधी' यावर. बायको म्हणते दिवाळीच्या आत, कारण कपाट रंगवायचंय. बेंगळूरचा मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्हीच काय ते उरका. नंतर आम्हाला त्यातलं काही कळणार नाही." किती शांतपणे 'नंतर' म्हणाला!

मी म्हणतो, पावसाळा संपू दे. बेळगावात हे कारण कुणाला खोडता येत नाही. शहापुरातल्या आमच्या घराच्या भिंतींना जूनपासून ओल येते. अल्बम मिटून ठेवला की न वापरलेल्या तिकिटाचा गोंद पानाला असा धरतो, की सोडवायला जावं तर तिकिटाची पाठ सोलून निघते. म्हणून पावसाळाभर अल्बम पलंगावर उघडे, वर पंखा, आणि आम्ही दोघं खाली सतरंजीवर. कपाट रंगवण्याची निकड यातूनच निघाली असावी.

एका व्यापाऱ्याला संग्रह दाखवला. नोटा मोजाव्यात तशी त्यानं पानं उलटली. "काका, स्वातंत्र्यानंतरची तिकिटं लाखांनी छापलीत. घरोघरी हेच आहे." मी भिंग पुढं केलं, ते त्यानं बाजूला सारलं. 15 ऑगस्ट 1948 च्या गांधीजींपाशी मात्र थांबला. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये असा तो चार तिकिटांचा संच. आयुष्यभर स्वदेशीचा आग्रह धरलेल्या माणसाची तिकिटं आपण छापून आणली स्वित्झर्लंडहून, असो. माझ्याकडं पहिली तीन आहेत. चौथ्याच्या जागी पेन्सिलीनं आखलेला चौकोन. त्या काळात दहा रुपयांचं तिकीट लावून काही पाठवणारा माणूस आमच्या नात्यागोत्यात नव्हता. "दहाचं असतं तर बोललो असतो," म्हणत तो उठला. चहा मात्र पिऊन गेला.

मग मी ठरवलं, आधी संच पुरा करायचा आणि मगच विकायचं. अर्धवट माल कोण घेतंय?

निपाणीत माझ्याच वयाचे एक दोस्त आहेत, त्यांच्याकडं दहाचे गांधीजी आहेत. तिकिटाचा एक दाता तुटका आहे, पण आमच्या वयात एखाद्या दाताचं कोण मनावर घेतंय! मी गेलो, तर ते दारातच म्हणाले, "बरं झालं आलासा. मी पण सगळं काढून टाकायलोय. सुटं देणार नाही हां, घ्यायचं तर सगळं घ्या. पोरं बघंनात, रद्दीवाला पण 'बेड री' म्हणतोय."

मी विचार करतोय तोवर वहिनींनी दोन पिशव्या भरल्यासुद्धा. वर बुटाचा एक खोका दिला. त्यात पाकिटांवरून कापलेली, अजून कोमट पाण्यात भिजवून सोडवायची राहिलेली तिकिटं होती. इतकी चपळाई मी त्यांच्यात पूर्वी पाहिली नव्हती. परतताना कंडक्टरनं विचारलं, "काय हाय हो आत?" म्हटलं, "तिकिटं." त्यानं लगेज लावलं.

आता बायकोनंच एक पत्ता शोधलाय. संकेश्वरला कुणी जुनी नाणी जमवणारे आहेत, ऐंशीच्या घरातले. त्यांना आवड असेल, त्यांना द्या म्हणते. जाऊन तरी येतो. नाण्यांतलंही मला थोडंफार कळतं.