त्या एका वाक्याबद्दल (एका प्रतिक्रियेला उत्तर)

मागच्या पोस्टमध्ये मी आमच्या प्रयोगांच्या सेमिस्टरबद्दल लिहिलं होतं, पिनहोल (सुईच्या भोकाचा डबा-कॅमेरा), सायनोटाइप (रसायन लावलेल्या कागदावर उन्हाने उमटवलेलं निळं चित्र), कागदाकडे न बघता काढलेली चित्रं वगैरे. त्याखाली एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'बाळा, तीस वर्षं कॅमेरा हातात आहे म्हणून सांगतो' अशी सुरुवात. मग ९ फोटोंपैकी ७ आउट ऑफ फोकस आहेत, आधी बेसिक शिका, असल्या पोर्टफोलिओवर कोणी काम देत नाही, सायनोटाइपचं साल चुकलंय. आणि शेवटी हे वाक्य: 'चुकून जे आलं त्याला कला म्हणायचं, ही ज्यांना काही येत नाही त्यांची सोय आहे.'

सर, (तुम्ही मला बाळा म्हणालात, मी तुम्हाला सरच म्हणते) आधी जे बरोबर आहे ते. साल चुकलंच होतं. सायनोटाइप इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधून काढलं, मी १८४३ लिहिलं होतं. १८४३ मध्ये वनस्पतींच्या अभ्यासक अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी त्याच पद्धतीने समुद्री शेवाळांचे ठसे काढून ते पुस्तकरूपात आणायला सुरुवात केली, माझ्या डोक्यात ती दोन सालं एकत्र झाली. पोस्टमध्ये दुरुस्त केलंय, धन्यवाद.

आता बाळा. मी २२ वर्षांची आहे. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, आणि अनोळखी माणसाशी बोलताना पहिलाच शब्द असा वापरला की पुढचं सगळं वरून खाली येतं, मग त्यात कितीही बरोबर मुद्दा असला तरी. तुम्ही हेच 'मला हे पटलं नाही' म्हणून लिहिलं असतं तर मी दोन ओळींत उत्तर दिलं असतं आणि बहुतेक काही प्रश्नही विचारले असते तुम्हाला, कारण तीस वर्षं ही खरंच मोठी गोष्ट आहे. पण तीस वर्षं आहेत म्हणून समोरच्याने सेमिस्टरभर काय केलं हे न वाचता निकाल लावता येतो असं नाही ना. आणि पोस्ट तुम्ही पूर्ण वाचलेली नाही हे स्पष्ट दिसतंय, कारण ते ७ फोटो पिनहोलचे आहेत असं मी वरच लिहिलं होतं. पिनहोलला भिंगच नसतं. भिंग नाही तर फोकस करायचा कशाने?

ज्यांना काही येत नाही, हे मात्र मला लागलं. लपवत नाही.

मला 'येत' होतं सर. शाळेत असल्यापासून मी फोटोवर पेन्सिलने चौकटी आखून तंतोतंत चेहरे काढायचे, पापण्यांसकट. बक्षिसं मिळायची, नातेवाईक आपापले फोटो आणून द्यायचे. बारावीनंतर दीड वर्ष एका फोटोग्राफरकडे असिस्टंट म्हणून काम केलं, नाव घेत नाही. रिफ्लेक्टर धरायचा, लाइट लावायचे, आणि कॅमेरा हातात मिळायचा तेव्हा सेटिंग करूनच मिळायचं, एफ ८, १/१२५ (म्हणजे भिंगाचं भोक किती उघडं आणि उजेड किती सेकंद), 'हात लावू नको, फक्त दाब'. फोटो शार्प यायचे, एकही आउट नाही. पण एफ ८ च का हे मी दीड वर्षात एकदा विचारलं तेव्हा 'तुला काय करायचंय' असं उत्तर आलं. तुम्ही ज्याला बेसिक म्हणताय ते मला असं मिळालं होतं. म्हणजे आकडे पाठ होते आणि त्यामागचं काहीही माहीत नव्हतं.

आणि मग इथे पहिल्याच आठवड्यात मॅडमनी डावा हात समोर धरायला लावला, पेन्सिल कागदावर टेकवायची, दहा मिनिटं नजर फक्त हातावर, कागदाकडे बघायचं नाही, पेन्सिल उचलायची नाही. ब्लाइंड कॉन्टूर. किमॉन निकोलाइड्स नावाचे अमेरिकन शिक्षक गेल्या शतकाच्या पूर्वार्धात असा सराव करून घ्यायचे, म्हणजे ही काही कालची फॅशन नाही. मी तीन मिनिटांत संपवलं. कागदावर काय होतं तर मला पाठ असलेला हात, पाच बोटं, पाच नखं, सगळं जागच्या जागी. मॅडम म्हणाल्या, तू बघितलंच नाहीस. मला प्रचंड राग आला. पुन्हा केलं, या वेळी खरंच सावकाश, मुंगी चालते तशी पेन्सिल, आणि करंगळीच्या मधल्या सांध्यावर पोचले तेव्हा दिसलं की तिथे एक सुरकुती नाहीये, तीन आहेत, आणि मधली अर्ध्यातच संपते. बावीस वर्षं हा हात माझ्याजवळ आहे. कागदावर जे आलं ते वेडंवाकडं होतं, अंगठा मनगटाच्या खाली गेला होता, पण त्या तीन सुरकुत्या होत्या. हे चित्र चांगलं आहे असं मी पोस्टमध्ये कुठेही म्हटलेलं नाही, परत वाचा. ते केल्यावर मला दिसायला लागलं एवढंच म्हटलंय.

आता 'चुकून'. पिनहोलचं मी पोस्टमध्ये दोन ओळींत आटपलं होतं, तर इथे नीट सांगते. पत्र्याचा डबा, आतून काळा रंग, एका बाजूला कापून लावलेला पातळ पत्रा, त्याला सुईचं टोक हलकेच टेकवून पाडलेलं भोक, मागून बारीक पॉलिश पेपरने घासलेलं म्हणजे कडा राहत नाहीत, आणि शटर म्हणजे काळी टेप. डब्यात फिल्मच्या जागी ब्लॅक अँड व्हाइट फोटो पेपर. पहिला कागद डेव्हलपरमध्ये (चित्र वर आणणाऱ्या रसायनात) टाकला तर बघता बघता पूर्ण काळा, म्हणजे डब्यात उजेड शिरत होता. दुसऱ्याचा एकच कोपरा काळा, पाचरीसारखा, म्हणजे झाकणाची कुठली बाजू गळते ते कळलं. टेपचे थर वाढवले. तिसरा कोरा पांढरा, एक्सपोजर कमी. चौथ्यावर पहिल्यांदा काहीतरी आलं, उलटं, निगेटिव्ह, आकाश काळं आणि झाड पांढरं, लाल दिव्याखाली ट्रेमध्ये हळूहळू वर येताना. मी तिथे उभी राहून रडले होते, ते पोस्टमध्ये नव्हतं लिहिलं.

पण ते फारच पुसट होतं, तुमच्या भाषेत आउट. तर मी काय केलं? पत्रा स्कॅनरवर ठेवून १२०० डीपीआयला (एका इंचात १२०० पिक्सेल) स्कॅन केला आणि भोक किती पिक्सेलचं आहे ते मोजलं. ३८ पिक्सेल, म्हणजे ०.८ मिमी. डब्याची खोली ७२ मिमी, भागलं तर एफ ९०. दुसरं भोक पाडलं, १७ पिक्सेल, ०.३६ मिमी, एफ २००. ऊन तेच, वेळ ८ सेकंदांवरून ४० सेकंदांवर गेली, आणि चित्र एकदम स्वच्छ आलं, खिडकीचे गज मोजता येत होते. मग मला वाटलं अजून बारीक केलं की अजून शार्प येणार. ०.१५ चं पाडलं, जवळजवळ चार मिनिटं उन्हात डबा धरून बसले, आणि चित्र परत पुसट! मला वाटलं डबा हलला. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. तेव्हा डिफ्रॅक्शन म्हणजे काय ते कळलं, की भोक फार बारीक झालं की प्रकाश त्याच्या कडेला पसरतो, म्हणून प्रत्येक खोलीच्या डब्याला एक योग्य भोक असतं, त्याहून मोठं चालत नाही आणि लहानही चालत नाही. आणि सर, त्या दिवशी मला एफ ८ कळला, म्हणजे एफ पुढचा आकडा हा भोक आणि अंतर यांचा हिशोब आहे, डबा असो की लाखाचं लेन्स. भिंगाचं भोक फार बारीक केलं की फोटो पुन्हा का मऊ पडतो तेही तेव्हाच. दीड वर्षात जे कोणी सांगितलं नाही ते डब्याने सांगितलं. १४ कागद लागले. प्रत्येकाची तारीख, भोक, वेळ, ऊन की सावली, सगळं वहीत आहे.

यात चुकून काय आलं? हो, पहिला काळा कागद चुकून आला. त्याच्या पुढचे तेरा मी आणले.

आणि चुकून येण्याचाच एवढा तिटकारा असेल तर फोटोग्राफर ली मिलरचं उदाहरण घ्या. ती सांगत असे की मॅन रे या फोटोग्राफरच्या डार्करूममध्ये तिच्या पायावरून काहीतरी पळालं, तिने दचकून दिवा लावला, आणि अर्धवट डेव्हलप झालेल्या निगेटिव्हवर उजेड पडला. त्यातून आकृतीच्या कडेने ती विलक्षण रेष आली, जिला आपण सोलरायझेशन म्हणतो. हा परिणाम १९ व्या शतकातच फोटोग्राफीवाल्यांना माहीत होता, पण तेव्हा तो बिघाड म्हणून टाकून द्यायचे. या दोघांनी तो पुन्हा पुन्हा करून बघितला, उजेड किती, कधी, किती वेळ, तो हातात येईपर्यंत. दिवा कोणाच्याही हातून लागतो हो, पण पुढचं काम कोण करतं? तुमचं वाक्य लिहायला दहा सेकंद लागली असतील. मला ते सहा दिवस झोपू देत नाहीये.

सायनोटाइपच्या प्रिंटबद्दल तुम्ही 'निळा डाग' लिहिलंत. कागदावर रसायन लावून ऊन दाखवलं की तो भाग आधी शेवाळी, मग राखाडी होतो, आणि नवखा माणूस इथेच घाबरून कागद लवकर उचलतो, मीही उचलला. मग पाण्यात धुताना सगळं वाहून जातं. उरलेल्या पिवळट पाण्यात फिकट कागद हातात. पुरेसं ऊन दिलेला कागद धुवा, पिवळं पाणी निथळतं आणि निळा वर येतो, आणि दुसऱ्या दिवशी वाळल्यावर आणखी गडद होतो. माझ्या त्या 'डागात' पानाची प्रत्येक शीर दिसते, झूम करा.

पोर्टफोलिओ आणि काम मिळण्याबद्दल बोलायचं नाहीये, तो माझा प्रश्न आहे. कॉम्पोझिशनबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यालाही उत्तर देत बसत नाही, फार जनरल आहे.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. खाली दोघातिघांनी तुम्हाला वाईट शब्दांत लिहिलं होतं ते मात्र काढलंय, माझ्या बाजूने असले तरी. वहीच्या १४ पानांचे फोटो उद्या टाकते, भोकाच्या मापांसकट. ०.३६ आणि ०.१५ चे प्रिंट शेजारी शेजारी ठेवलेत. तेवढे बघा आणि मग फोकसबद्दल काय म्हणायचं ते म्हणा, मी वाचेन. फक्त सुरुवात बाळाने नको.