वॉफर्डने फ्लोरिडाला हरवलं होतं का?

सप्टेंबर उजाडला की अमेरिकेत शिकून तिथेच रमलेल्या आपल्या मंडळींच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड न चुकता येतो. पाठवणारा बहुतेक वेळा अलाबामा, जॉर्जिया नाहीतर टेक्सासमधून एमएस केलेला असतो. मजकूर थोडक्यात असा: कॉलेज फुटबॉलमध्ये एसईसी सगळ्यांत तगडी, पुरावा हवा तर कॉन्फरन्सबाहेरचा रेकॉर्ड बघा. लिंबूटिंबू संघांशी खेळतात म्हणून रडू नका, तो हिशेब किरकोळ आहे. अमक्याने तमक्याला हरवलं, विषय संपला. आणि काही शंका उरलीच तर बाउल सामन्यांत, म्हणजे मोसम संपल्यावर वेगवेगळ्या गटांतल्या संघांत होणाऱ्या खास लढतींत, शिक्कामोर्तब होतंच.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी: हा अमेरिकन फुटबॉल, चेंडू हातात घेऊन पळायचा. कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांचा गट. एसईसीत दक्षिणेकडची १६ विद्यापीठं, बिग टेनमध्ये (नावावर जाऊ नका) १८. संघाला मोसमात साधारण १२ सामने मिळतात, त्यांतले बरेचसे आपल्याच गटात.

फॉरवर्डमधली एक गोष्ट आधीच मान्य करून टाकतो. बाहेरचे सामने बघा, हे बरोबरच आहे. गटातल्या प्रत्येक सामन्यात एक जिंकतो, एक हरतो. सगळ्यांची बेरीज केली की जेवढे विजय तेवढेच पराभव. गट तगडा असो की फुसका, हे प्रमाण हलत नाही. त्यामुळे दोन गटांची तुलना करायची तर बाहेरच्या सामन्यांशिवाय दुसरं साधनच नाही. आणि २००६ ते २०१२ अशी सलग सात राष्ट्रीय विजेतेपदं एसईसीच्या संघांनी नेली, हेही कोणी नाकारत नाही.

पण रेकॉर्ड नुसता बघून चालत नाही, तो कसा जमवला तेही बघावं लागतं. २०२५ पर्यंत एसईसीचे संघ गटात ८ सामने खेळायचे, बिग टेनचे ९. एका सामन्याने काय होतं? करा हिशेब. १६ संघांच्या गटात एक जादा फेरी म्हणजे ८ सामने, म्हणजे ८ पराभव, ते टळणं शक्यच नाही. तीच फेरी बाहेरच्या दुबळ्या संघांशी खेळली तर १६ च्या १६ जिंकता येतात. १६ नोव्हेंबर २०२४ ला अलाबामाने घरच्या मैदानावर मर्सरला ५२-७ असं धुतलं. मर्सर एफसीएसमधलं, म्हणजे एक पायरी खालचं. तेव्हा त्या पायरीवर ६३ शिष्यवृत्त्या आणि वर ८५. पुढच्या शनिवारी जॉर्जियाने मॅसॅच्युसेट्सला ५९-२१. रेकॉर्डमध्ये या दोन विजयांचं वजन एखाद्या बड्या संघाला त्याच्या घरी जाऊन हरवण्याइतकंच. एसईसीच्या नियमाप्रमाणे वर्षाला एक तरी बाहेरचा मोठा प्रतिस्पर्धी घ्यावा लागायचा, हे खरं. पण चारांतला एक. तेव्हा हिशेब किरकोळ नाही, सगळा आकडा तिथेच फुगतो.

असे दुबळे संघ बडी विद्यापीठं पैसे देऊन आपल्या मैदानावर बोलावतात. गंमत म्हणजे हे पाहुणे दर वेळी मुकाट्याने मार खातातच असंही नाही. १ सप्टेंबर २००७. मिशिगन देशाच्या क्रमवारीत पाचवं, ॲन आर्बरच्या स्टेडियमात लाखाहून जास्त माणसं, आणि समोर ४ लाख डॉलर घेऊन आलेलं ॲपलाचियन स्टेट. शेवटची सहा सेकंदं, पाहुणे ३४-३२ ने पुढे, मिशिगनला ३७ यार्डांवरून फील्ड गोल (लाथेने चेंडू खांबांमधून मारायचा, ३ गुण) मारायचा होता. तो बसला की सामना खिशात. ॲपलाचियनचा कोरी लिंच धावत आला, चेंडू अंगावर घेऊन अडवला, उचलला आणि घड्याळ संपेपर्यंत पळत सुटला. त्या दिवशीचा स्टेडियमातला सन्नाटा व्हिडिओतसुद्धा ऐकू येतो. आणि हे फक्त उत्तरेकडच्यांच्याच नशिबी येतं असं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लुईझियाना-मन्रोने अलाबामाला अलाबामाच्याच मैदानावर २१-१४ ने हरवलं. नामांकित प्रशिक्षक निक सेबन यांचं तिथलं ते पहिलंच वर्ष. फॉरवर्डमध्ये हे कधी आलेलं मी तरी पाहिलं नाही.

आता "अमक्याने तमक्याला हरवलं" हे बघू. मोसम संपताना त्याच मिशिगनने कॅपिटल वन बाउलमध्ये एसईसीच्या फ्लोरिडाला ४१-३५ ने हरवलं. फ्लोरिडाचा टिम टीबो नुकतीच हाइझमन ट्रॉफी (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) मिळवून त्या सामन्यात उतरला होता. आणि ॲपलाचियन स्टेट? ते मधल्या काळात आपल्याच गटात साउथ कॅरोलायनातल्या चिमुकल्या वॉफर्ड कॉलेजकडून ४२-३१ ने हरलं होतं. म्हणजे वॉफर्ड ॲपलाचियनपेक्षा भारी, ॲपलाचियन मिशिगनपेक्षा, मिशिगन फ्लोरिडापेक्षा. म्हणा आता वॉफर्ड फ्लोरिडाहून सरस!

२०२४ चं उदाहरण तर आणखी बोलकं. ७ सप्टेंबरला १४ लाख डॉलर घेऊन आलेल्या नॉर्दर्न इलिनॉयने पाचव्या क्रमांकाच्या नोत्र दामला १६-१४ असं हरवलं. नंतर त्याच नोत्र दामने ओळीने १३ सामने जिंकून राष्ट्रीय अंतिम फेरी गाठली. नॉर्दर्न इलिनॉय आपल्या मॅक गटात ४-४, म्हणजे चार विजय, चार पराभव. २०२५ मध्ये एसीसी गटातल्या फ्लोरिडा स्टेटने (हे वरच्या फ्लोरिडाहून वेगळं विद्यापीठ) अलाबामाला पहिल्याच सामन्यात ३१-१७ ने लोळवलं आणि स्वतः मोसमात ५-७ वर अडकलं. या न्यायाने एसीसी भारी म्हणायची का? तेव्हा मात्र एका सामन्याचं काय घेऊन बसलात, असं फॉरवर्डवाल्यांकडून ऐकवण्यात आलं. बरोबरच आहे, पण मग बारा महिने बरोबर असू द्या.

बाउल सामन्यांबद्दल फार लिहीत नाही. ३० डिसेंबर २०२३, ऑरेंज बाउल, जॉर्जिया ६३, फ्लोरिडा स्टेट ३. स्क्रीनशॉट आजही फिरतो. १३-० असूनही प्लेऑफमधून (राष्ट्रीय विजेता ठरवणारे सामने) डावललेल्या फ्लोरिडा स्टेटचे कितीतरी प्रमुख खेळाडू त्या दिवशी उतरलेच नव्हते, हे स्क्रीनशॉटमध्ये मावत नाही.

२०२६ पासून एसईसीही गटात ९ सामने खेळणार आहे. म्हणजे ते आठ पराभव आता त्यांच्याही खात्यात दर वर्षी पडणार, आणि मर्सरसारख्यांसाठी एक शनिवार कमी होणार. फॉरवर्डचा मसुदा बदलावा लागेल. बदलला की पाठवा, वाट बघतोय.