युद्धाच्या दिवसांतला उपवासकाळ: वैऱ्याचं नाव घेऊन प्रार्थना

युद्ध पेटलं की आपल्या प्रार्थना दोन प्रकारे फसतात. एक तर "प्रभो, जगाला शांती दे" एवढं म्हणून आपण उठतो. नाहीतर मनातल्या मनात आपल्या आवडीच्या बाजूचा विजय मागून घेतो. पहिल्या प्रार्थनेत माणूसच नसतो. दुसरीत असतो, पण एकाच बाजूचा. ख्रिस्ती उपवासकाळात, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत (येशूच्या पुनरुत्थानाचा सण), मधले ६ रविवार वगळून, ४० दिवस मिळतात. एवढ्या दिवसांत ही सवय मोडता येते, आणि मोडायलाच हवी असं मला वाटतं.

"तुम्ही आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा" असं सांगताना येशूने त्याच श्वासात, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करायलाही सांगितलं (मत्तय ५:४४). मनात प्रीती दाटून येईपर्यंत थांबायचं नाही. आधी नाव घ्यायचं.

यासाठी उपासनेत एक जुना साचा आहेच. गुड फ्रायडेच्या कॅथलिक विधीत १० मध्यस्थीच्या प्रार्थना होतात. प्रत्येकीचे तीन भाग असतात: कोणासाठी प्रार्थना करायची ते मोठ्याने सांगतात, मग सगळे शांत राहतात, आणि शेवटी धर्मगुरू छोटी प्रार्थना म्हणतात. ख्रिस्ताला न मानणाऱ्यांसाठी, देवालाच न मानणाऱ्यांसाठी आणि राज्यकर्त्यांसाठीही त्यात वेगळी जागा आहे. घरी रोज हाच साचा वापरा. एका कागदावर पाच ओळी लिहा. पहिली, हल्ला सोसलेलं एक गाव, नावानिशी. दुसरी, पलीकडच्या बाजूचं तसंच एक गाव. तिसरी, दोन्हीकडचे सैनिक, त्यांत बळजबरीने भरती झालेली पोरंही आली. चौथी, हल्ल्याचा हुकूम देणारा माणूस. पाचवी, ढिगारे उपसणारे आणि जखमींना उचलणारे. एक ओळ वाचायची, घड्याळ लावून एक मिनिट गप्प बसायचं, मग एकच वाक्य बोलायचं. दहा मिनिटांत सगळं आटोपतं. हमखास बिघडतं ते शांततेच्या मिनिटात, कारण आपल्याला ते रिकामं वाटतं आणि आपण ते शब्दांनी भरून टाकतो. आठवड्याभरात ओळी पाठही होतात आणि मन त्यांच्यावरून घसरायला लागतं. म्हणून दर रविवारी पहिल्या दोन ओळींतली गावं बदला.

चौथ्या ओळीपाशी जीभ अडते. अडू द्या. त्याच्यासाठी यश मागायचं नाही, आयुष्याची भरभराटही नाही. त्याच्या हुकुमाने मेलेल्यांचे चेहरे त्याला दिसू देत, त्याच्याजवळच्या एखाद्याला खरं बोलायचं धैर्य मिळू दे, समोरच्या कागदावर सही करण्याआधी त्याचा हात थांबू दे, एवढं मागा. अन्यायाला अन्याय म्हणूनही ही प्रार्थना करता येते. "हे बापा, त्यांना क्षमा कर" या क्रुसावरच्या येशूच्या शब्दांत अपराध झालाय हे गृहीतच आहे. जिथे अपराधच नाही तिथे क्षमा कशाची करणार?

एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी २३ मार्च १९८० रोजी, उपवासकाळाच्या पाचव्या रविवारी, प्रवचनातून थेट सैनिकांना हाक दिली. तुम्ही मारताय ते तुमचेच शेतकरी बांधव आहेत, देवाच्या नावाने हे थांबवा, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी मिस्सा (प्रभुभोजनाची उपासना) अर्पण करताना त्यांना गोळी घालून मारण्यात आलं. सैनिकांवर प्रीती करणं म्हणजे काय, ते मला या प्रवचनात सर्वांत स्पष्ट दिसतं.

राग आला तर तो बायबलमधल्या स्तोत्रांत ओता. १३व्या स्तोत्राच्या पहिल्या दोन ओव्यांत "कोठवर?" हा प्रश्न चार वेळा येतो. १३७व्या स्तोत्राच्या शेवटच्या ओळी तर सूडाच्या आणि इतक्या भीषण आहेत की कॅथलिक चर्चच्या आजच्या प्रहर-प्रार्थनेतून (दिवसाच्या ठरावीक वेळांना म्हणायच्या प्रार्थना) त्या गाळल्या आहेत. बॉम्ब पडत असताना तळघरात बसलेल्या माणसाला त्या ओळींचा हक्क आहे. सुरक्षित घरात बसलेल्या आपण मात्र त्या त्याच्या तोंडचे शब्द म्हणून ऐकायच्या. आपल्या तोंडी घ्यायच्या नाहीत. तसंच, ज्याचं घरदार गेलंय त्याला "क्षमा कर" असं बाहेरून कुणी सुनावू नये. त्याच्या जागी उभं राहून क्षमा देणं आपल्या अधिकारात बसत नाही.

उपासाचा नियम सोपा आहे. कॅथलिक चर्चच्या लॅटिन (रोमन) परंपरेत राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी, १८ ते ५९ वयाच्या लोकांनी एकदाच पोटभर जेवायचं. बाकी दोन वेळा थोडंसं खायचं, पण त्या दोन्ही मिळून एक पूर्ण जेवण होता कामा नये. आजारी माणसं आणि गरोदर बायका यांना सूट आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या एका ख्रिस्ती लेखनात पुढची पायरीही सांगितली आहे: उपासाच्या दिवशी न खाल्लेल्या अन्नाची किंमत मोजा आणि ती विधवेला, अनाथाला द्या. मोजणं त्याच दिवशी करा आणि रक्कम लगेच बाजूला काढा. "महिनाअखेरीस बघू" म्हटलं की ते पैसे कुठेतरी खर्च होऊन जातात. युद्धग्रस्तांसाठी द्यायचं तर तिथे आधीपासून काम करणाऱ्या संस्थेला पैसेच द्या. जुन्या कपड्यांची गाठोडी निवडण्यात आणि वाहून नेण्यात मदत करणाऱ्यांचाच वेळ जातो.

बातम्यांचाही उपास करा, पण अर्धाच. दिवसातून दोनदा, वीस-वीस मिनिटं. तासातासाला फोन उघडून माणूस बधिर होतो, आणि पूर्ण बंद केल्या तर येशूच्या दाखल्यातल्या, जखमीला बघून रस्त्याच्या पलीकडून निघून गेलेल्या याजकासारखं होतं.

आणि दूर बसूनही जवळ राहता येतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझात युद्ध सुरू झाल्यापासून पोप फ्रान्सिस तिथल्या होली फॅमिली या कॅथलिक धर्मग्रामाला (पॅरिशला) जवळजवळ रोज संध्याकाळी फोन करत. कसे आहात, आज काय जेवलात, असं साधंच विचारत. आजारपणातही त्यांनी हे चालू ठेवलं, एप्रिल २०२५ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत. युद्धाच्या प्रदेशातलं कुणी तुमच्या ओळखीचं असेल तर ठरलेल्या वेळी रोज एक निरोप पाठवा. "तुमच्यासाठी प्रार्थना करतोय" यापेक्षा "आज पाणी मिळालं का?" हे विचारा.

प्रार्थनेने युद्ध थांबतं का? ५ मार्च २००३ च्या राखेच्या बुधवारी पोप जॉन पॉल दुसरे यांनी शांतीसाठी उपास आणि प्रार्थना करायला सांगितलं होतं. २० मार्चला इराकवर हल्ला झाला. २ मार्च २०२२ चा राखेचा बुधवार युक्रेनसाठी उपासाचा ठरला, आणि युद्ध पुढे चालूच राहिलं. हे लपवून ठेवून कुणाचा विश्वास वाढत नाही. गेथशेमाने बागेत येशूनेही दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवणी केली होती. तो टळला नाही, तरी त्याने प्रार्थना सोडली नाही, आणि क्रुसावर मारणाऱ्यांसाठीच ती केली.

तेव्हा तुमच्या कागदावरचं युद्ध ईस्टरच्या आदल्या रात्रीही चालू असेल, तर कागद टाकून देऊ नका. पुढे पेन्टेकॉस्टपर्यंत (पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण) ५० दिवसांचा पुनरुत्थानकाळ असतो. तो कागद आलेलूया या ईस्टरच्या स्तुतिघोषाच्या शेजारी ठेवा, चौथ्या ओळीसकट.