चट्ट्यावर खत ओतण्याआधी माती तपासा

‘शेतात मध्येच पीक खुरटलं की तिथं युरिया वाढवा, पाणी दाबून द्या, जिप्सम टाका, सगळं शेत एकसारखं होईल,’ असा सल्ला सध्या फिरतोय. जमीन क्षारपड होत असेल, म्हणजे मातीत क्षार साठत असतील, तर हा सल्ला अंगाशी येईल.

‘खुरटलं म्हणजे खत कमी पडलं.’ चट्ट्यात बसून पानं बघा. नत्र कमी असेल तर खालची पानं आधी पिवळी पडतात. क्षारांचा मार बसलेलं रोप बुटकं राहतं, पण पान बऱ्याचदा गडद, निळसर हिरवं दिसतं आणि शेंडे करपतात. माती ओली असूनही दुपारी रोप मान टाकतं, कारण खारट पाणी मुळांना ओढता येत नाही. त्यात खत विरघळलं की क्षार आणखी वाढतात. म्युरेट ऑफ पोटॅश हे खत तर स्वतःच क्षार आहे.

‘सगळ्या शेताला एकच पाणी, मग क्षार चट्ट्यातच कसे?’ खरी गोम इथंच आहे. भूजल दीड-दोन मीटरवर आलं की ते मातीतून वर चढतं, उडून जातं आणि क्षार मागे ठेवतं. माती सगळीकडे सारखी नसते, म्हणून हे चढणंही सारखं नसतं. वाफ्यात चार बोटं उंच राहिलेल्या जागी पाणी कमी मुरतं, क्षार धुऊन जात नाहीत. सरी-वरंब्यात ते वरंब्याच्या माथ्यावर गोळा होतात. माथ्यावरचं बी उगवत नाही, वीतभर खाली बगलेतलं उगवतं! पिकानुसारही फरक पडतो: मातीची विद्युत वाहकता (खारटपणाचं माप) 1 डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली की घेवड्याचं उत्पादन घटू लागतं, गव्हाचं साधारण 6 च्या पुढे. त्यामुळे गव्हात न दिसलेला चट्टा घेवड्यात उघडा पडतो.

‘पाणी दाबून द्या.’ निचरा असेल तरच. फूटभर माती धुवायला फूटभर चांगलं पाणी खाली निघून गेलं, तर सुमारे 80 टक्के क्षार जातात. निचरा नसेल तर तेच पाणी भूजल वर आणतं आणि चट्टा पसरतो.

जिप्सम चोपण जमिनीचं औषध आहे, जिथं सोडियम मातीला चिकटलेलं असतं. नुसत्या खारवट जमिनीत ते टाकणं म्हणजे पैसा मातीत घालणं.

आणि कृपा करून सगळ्या शेताची माती एकत्र कालवून एकच नमुना देऊ नका; सरासरीत चट्टा हरवतो. चट्ट्याचा वेगळा आणि चांगल्या पिकाखालचा वेगळा नमुना द्या. सामू (पीएच), विद्युत वाहकता आणि सोडियमचं प्रमाण, तिन्ही मागून घ्या.