मुदत संपली तर काय बिघडते? एका प्रतिक्रियेला उत्तर

डोळे तपासून चष्म्याचा नंबर देणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टना परवाने देणाऱ्या व त्यांच्यावरील तक्रारी पाहणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या ऑप्टोमेट्री मंडळाला तिथल्या विधिमंडळाने वेळोवेळी मुदतवाढ देणे योग्यच आहे, असे मी मागील लेखात लिहिले होते. त्यावर एका वाचकांनी टोपणनावाने लिहिले आहे : ‘‘मंडळाची मुदत संपू दिली तर कुणाचेही काही बिघडणार नाही. अकरांपैकी सहा सदस्य धंद्यातलेच, म्हणजे कुंपणच शेत खाणार. लेखक चष्मेवाल्यांचे वकील दिसतात.’’

महोदय, मतभेदाबद्दल माझी तक्रार नाही, पण ‘वकील’ हा शब्द आपण कोणत्या आधारावर वापरलात? या धंद्याशी माझा संबंध इतकाच की गेली चाळीस वर्षे माझ्या नाकावर चष्मा आहे. एक चूक मात्र मान्य करतो. लेखात मी ऑप्टोमेट्रिस्टना सरसकट ‘नेत्रतज्ज्ञ’ म्हटले होते. मराठीत तो शब्द डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी रूढ आहे. दुरुस्ती केली आहे.

आता ‘काही बिघडणार नाही’ याविषयी. ज्या कलमाने हे मंडळ अस्तित्वात येते त्याच कलमात त्याच्या अंताची तारीख लिहिलेली असते. २०१७ च्या विधेयकाने ती १ जानेवारी २०२२ वर आणि २०२१ च्या विधेयकाने १ जानेवारी २०२६ वर नेली. प्रत्येक वेळी मंडळाला अहवाल द्यावा लागतो आणि तक्रारी किती काळ पडून राहतात, परवान्याचे शुल्क कसे खर्च होते, असल्या प्रश्नांना विधिमंडळाच्या समित्यांसमोर उत्तरे द्यावी लागतात. आपण ज्याला फुकटची मुदतवाढ समजता, ती ही झाडाझडती आहे.

मुदत खरोखर संपल्याचे उदाहरणही याच राज्यात आहे. तत्कालीन गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी मुदतवाढीचे विधेयक नाकारल्यामुळे २०११ च्या अखेरीस परिचारिका मंडळ संपुष्टात आले. परवाने रद्द झाले नाहीत, हे आपण लगेच म्हणाल. पण अशी मंडळे ज्याच्या अखत्यारीत येतात त्या ग्राहक व्यवहार विभागाला तात्पुरती व्यवस्था करावी लागली आणि २०१२ च्या सुरुवातीलाच विधिमंडळाने नवा कायदा करून मंडळ पुन्हा उभे केले. काही बिघडलेच नव्हते, तर ही धावपळ कशासाठी?

आणि हे सारे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. माझ्या आईला आमच्या तालुक्याच्या गावी एका दुकानात दीड वर्षात तीनदा नंबर बदलून चष्मा दिला गेला. ती तक्त्यावरची शेवटची ओळ बिनचूक वाचायची, म्हणून दुकानदार खूश. घरी मात्र तिचा डावा खांदा चौकटीला आपटे, आणि दूध कपाच्या शेजारी ओतले जाई. काचबिंदू होता, कडेची नजर गेल्यावर कळले. त्या माणसाची तक्रार करायला आम्हाला जागाच नव्हती. भारतात ऑप्टोमेट्रीसह संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी कायदा झाला तो २०२१ साली, आई गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी. मंडळ नसल्याने काय बिघडते हे आपल्याला ठाऊक नसेल, तर ते आपले सुदैव. त्याचा युक्तिवाद करू नये.

सहा सदस्यांचा मुद्दा आपण फार ताणला आहे. उरलेले पाच सामान्य नागरिकांतून नेमले जातात आणि त्यांतील एकाला सिनेटची नियम समिती आणि एकाला असेंब्लीचे सभापती नेमतात, म्हणजे विधिमंडळच नेमते, एवढे सांगून तो विषय मी सोडतो.

पुढची प्रतिक्रिया कृपया स्वतःच्या नावाने द्यावी. निनावी आरोपांना मी पुन्हा उत्तर देणार नाही.