काळी जमीन पाणी धरते, पण पिकाला किती देते?

खरिपाच्या तोंडावर शेतीच्या आणि बागकामाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर फिरतो. काळी जमीन सगळ्यात जास्त पाणी धरते म्हणून तिला पाणी कमी लागतं; ती चिबडत असेल, म्हणजे पाणी साचून दलदल होत असेल, तर वाळू मिसळा; कुंडीच्या तळाशी खडे घाला म्हणजे पाणी साचत नाही; एवढं करूनही निचरा होत नसेल तर जिप्सम (कॅल्शियम असलेलं खनिज) टाका. पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून तेच जास्त फसवतं.

भारी काळ्या जमिनीत ०.००२ मिमीपेक्षा बारीक असे चिकण कण निम्म्याच्या आसपास किंवा जास्तच असतात. वाफसा आला, म्हणजे जादा पाणी निथळून माती मशागतीजोगी झाली, की तिच्या वरच्या ३० सेंमी थरात साधारण १२० मिमी पाणी उरलेलं असतं. त्यातलं ७५ मिमीच्या आसपास कणांना इतकं घट्ट चिकटलेलं असतं की मुळांना ते ओढता येत नाही. पीक माना टाकतं तेव्हाही माती हाताला ओलसर लागते ती यामुळेच. राहिले ४५ मिमी. पोयट्याच्या (वाळू, गाळ आणि चिकण माती मिसळलेल्या) जमिनीत तेवढ्याच खोलीत ८५ मिमीच पाणी मावतं, पण पिकाच्या वाट्याला तिथंही जवळपास ४५ येतंच. रेताडीत हा आकडा २० च्या घरात.

आणि ‘पाणी कमी लागतं’ हे मुळातच चूक. पिकाची तहान ऊन, वारा आणि पानांचा पसारा ठरवतात. रोज ५ मिमी पाणी उडतंय, मुळं ३० सेंमीवर आहेत आणि उपलब्ध पाण्यातलं निम्मं संपलं की पाणी द्यायचं, असं धरा. काळ्या जमिनीत साडेचार दिवसांनी २२ मिमी द्यावं लागेल, रेताडीत दर दोन दिवसांनी १०. महिन्याची बेरीज दोन्हीकडे १५० मिमीच. काळ्या जमिनीत फक्त दोन पाण्यांमधलं अंतर लांबतं.

सोलापूर-मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर येते, हा दाखला अशा वेळी हमखास दिला जातो. ज्वारी येते हे खरं, पण त्याचं श्रेय खोलीचं. मीटरभर खोल जमिनीत मुळं खाली उतरतात आणि तिप्पट साठा वापरतात. फूटभर काळी माती आणि खाली मुरूम असेल तर रंग तोच राहील, कणसं भरणार नाहीत. शिवाय भेगा. भेगाळलेल्या जमिनीत पहिलं पाणी फटींतून थेट खाली जातं, आणि माती फुगून फटी मिटल्या की मुरण्याचा वेग तासाला १ ते ५ मिमीवर येतो. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ म्हणतात ते उगाच नाही. कोळपं म्हणजे वरची माती हलवून भेगा बुजवणारं अवजार; भेग बोटभर व्हायच्या आत ते फिरलं पाहिजे.

आता वाळू. थोडी वाळू घातली तर चिकण माती तिच्या कणांमधली पोकळी भरून काढते. निचरा तसाच राहतो, वर ढेकूळ आणखी कडक होतं. ५५ टक्के चिकण माती २० टक्क्यांवर आणायची तर मातीच्या वजनाच्या पावणेदोनपट वाळू लागते. एक एकर, १५ सेंमी खोल, म्हणजे सुमारे ८०० टन माती. वाळू १४०० टन. ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) तीनशेच्या वर, गुंठ्याला साडेसात ब्रास! ज्याला वाळूचा आजचा भाव माहीत आहे तो हा सल्ला पुढे पाठवणार नाही. उलटा प्रयोग मात्र जमतो. मुरमाड जमिनीवर तलावातला दोन-तीन इंच गाळ पसरला तर ओल टिकते, कारण रेताड मातीत थोडी चिकण मातीही मोठा फरक करते. काळ्या जमिनीत सोयाबीन-तूर चिबडत असेल तर रुंद वरंबा-सरी काढा, सरीला हलका उतार देऊन तिचं तोंड चरात सोडा, आणि वाफशाआधी नांगर घालू नका. ओल्यात नांगरलं की फाळाखाली घट्ट थर बसतो आणि पाणी त्यावर अडतं.

खड्यांचा मुद्दा स्पंजनं मिटतो. भांडी घासायचा आयताकृती स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की उभा करा, पुन्हा पाणी गळेल. पोकळ्या त्याच, उंची वाढली. कुंडीतही तळाशी ओला थर राहतोच. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, म्हणून खडे घातले की तो ओला थर वर मुळांकडे सरकतो. भोकावर एक खापरी ठेवा, बाकी सगळी माती भरा.

जिप्सम सोडियम साचलेल्या चोपण जमिनीचं औषध आहे, सरसकट चिबडीचं नव्हे. त्यातलं कॅल्शियम सोडियमला कणांवरून हटवतं, पण सुटलेला सोडियम धुऊन बाहेर जायला वाट हवी. म्हणून आधी चर किंवा जमिनीखालचे सच्छिद्र पाइप, मग जिप्सम. गरज आहे का, याचा पहिला अंदाज घरी येतो. हरभऱ्याएवढं वाळकं ढेकूळ काचेच्या पेल्यात, पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात अलगद सोडा आणि हलवू नका. बोअरचं पाणी चालत नाही, त्यातले क्षार खूण लपवतात. दोन तासांनी, मग दुसऱ्या दिवशी बघा. ढेकळाभोवती दुधी ढग पसरला तर सोडियमचा संशय धरा आणि जिप्समची मात्रा माती तपासूनच ठरवा. ढेकूळ नुसतं विस्कटून पाणी नितळ राहिलं तर जिप्समचे पैसे चर खणायला वापरा.